श्रीखंडाचा डबा आणि दोन कुंपणं

एका वाचक मैत्रिणीचं पत्र, थोडं कापून:

"ताई, मी सांगलीची. २०१७ पासून जर्मनीत, कॉन्स्टान्सला नोकरी करते. पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालाय. नवरा नागपूरचा, पण त्याची नोकरी आणि घर स्वित्झर्लंडमध्ये, क्रॉइत्सलिंगेनला. ऐकायला दोन देश, चालत पंचवीस मिनिटं. २०२० च्या मार्चमध्ये आमचं लग्न व्हायचं होतं. सीमा बंद झाली आणि रोजच्या वाटेवर जाळी उभी राहिली. पाडव्याला मी जाळीच्या वरून त्याला श्रीखंडाचा डबा दिला. दहाएक दिवसांत दुसरी जाळी आली, दोघींच्या मध्ये दोन मीटर. अक्षय तृतीयेला पुरणपोळ्या करून मी जाळीशी उभी होते. तो आलाच नाही. 'लांबून बघून काय करायचं?' म्हणाला. २०२२ मध्ये लग्न झालं. अजून दोन घरं, दोन भाडी. आता मला पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणतात, नोकरी सोड आणि त्याच्याकडे जा, बाळंतपण तिकडेच होऊ दे. मला स्वप्न पडतं की कळा सुरू झाल्यात आणि मध्ये जाळी आहे. तो म्हणतो, शंभर वर्षांतून एकदा घडणारं घडून गेलं, विसर आता. माझं डोकं फिरलंय का? जर्मन पासपोर्ट घ्यायचाही विचार आहे. आईला अजून बोललेले नाही."

तुझं डोकं जागेवर आहे. आणि वयाने बरीच मोठी आहे म्हणून सरळ 'तू' म्हणते, चालेल ना?

आधी उत्तर सांगते, कारण पाचव्या महिन्यात लांबड ऐकायला कोणाला वेळ असतो. बाळ होईपर्यंत कॉन्स्टान्स सोडू नकोस. नोकरीही नको, पत्ताही नको. हे मी तुझ्या स्वप्नाला भिऊन सांगत नाही, कागद बघून सांगतेय. २०२० मध्ये त्या जाळीने तुमच्या दोघांत फरक केला तो कागदावरूनच, एवढं तुझ्याही लक्षात असेल.

तो वसंत आठव. १६ मार्चच्या सकाळी जर्मनीने फ्रान्स, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, डेन्मार्क आणि लक्झेंबर्गच्या सीमांवर पोलीस उभे केले आणि त्याच मध्यरात्री स्वित्झर्लंडनेही आपली दारं लावली. पण दार सगळ्यांना बंद नव्हतं. मालाचे ट्रक चालू होते. रोज पलीकडे कामाला जाणारे, ज्यांना तुमच्याकडे 'ग्रेन्झगेंगर' म्हणतात, तेही चालू होते. इटलीतून स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात रोज साठ-सत्तर हजार माणसं कामाला येतात, त्यांना अडवलं असतं तर तिथली हॉस्पिटलंच बंद पडली असती. आल्सासमधले श्वास कोंडलेले फ्रेंच रुग्ण हेलिकॉप्टरने जर्मन आणि स्विस अतिदक्षता विभागांत नेले गेले. म्हणजे रुग्णाला वाट होती, नर्सला होती, टोमॅटोच्या ट्रकलाही होती. तुला नव्हती. जर्मनीच्या नाक्यावर लग्नाचा दाखला तरी चालून जायचा, तुमच्याकडे तोही नव्हता. सरकारच्या लेखी तू त्याची कोणीच नव्हतीस.

मग १६ मेला बिनलग्नाच्या जोडप्यांना वाट मिळाली, एका पानाच्या स्वयंघोषणापत्रावर सही करून. त्याच दिवशी आणखी कोणाला मिळाली, ठाऊक आहे? पलीकडे ज्यांचा बागेचा तुकडा होता त्यांना. प्रियकर आणि कोबी एकाच परिपत्रकात. हे वाचून मी मोठ्याने हसले होते, पण तुमच्या भागात बागा ही चेष्टेची गोष्ट नाही. शहराला लागून असलेला टेगरमोसचा पट्टा स्विस भूमीवर आहे आणि भाजी तिथे पिढ्यानपिढ्या कॉन्स्टान्सचेच लोक पिकवतात. वाफे पलीकडे आणि माळी अलीकडे अडकला होता.

त्या जाळीचं तुझ्या गावाला इतकं का लागलं, तेही सांगते. तुझ्या नवऱ्याच्या 'विसर आता'चं उत्तर त्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धात त्या दोन गावांमध्ये कुंपण घातलं गेलं. युद्ध संपलं, ते मात्र साठेक वर्षं तसंच राहिलं. तळ्याकाठचा भाग २००६ मध्ये काढला आणि त्या जागी २००७ मध्ये भविष्य बघायच्या टॅरो पत्त्यांवरची २२ धातूची शिल्पं उभी केली: सीमा राहू दे, पण आडवी येणारी नको, अशी कल्पना. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, प्रत्यक्ष आला तो २००८ च्या डिसेंबरात. म्हणजे या लोकांनी कायद्याची वाट न बघता तार आधीच कापली होती. तेरा-चौदा वर्षांनी त्याच शिल्पांच्या रांगेत बांधकामावरची जाळी येऊन उभी राहिली, आणि जोडपी तिच्या भोकांतून एकमेकांचे हात धरतात, मुके घेतात म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला दुसरी. २२ पत्ते म्हटल्यावर त्यांत 'प्रेमी'ही आलेच. ते शिल्प त्या आठवड्यांत कोणत्या बाजूला पडलं होतं, जमलं तर एकदा बघून ये.

सीमा पूर्ण उघडली १५ जून २०२०ला. शेंगेन करारावर मोझेल नदीतल्या बोटीवर सह्या झाल्या त्याला आदल्याच दिवशी ३५ वर्षं झाली होती. वाढदिवस कुलूप लावून साजरा झाला.

आता तुझा खरा प्रश्न. पुन्हा होईल का?

होणार नाही असं तुला कोणी लिहून देणार नाही, आणि दिलं तर विश्वास ठेवू नकोस. युरोपच्या न्यायालयाने दोन निकाल दिलेत, त्यांची तोंडं दोन दिशांना आहेत. २०२२ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रियाला सांगितलं की शेंगेनच्या आतल्या सीमेवरची तपासणी त्याच जुन्या कारणासाठी सहा महिन्यांपलीकडे रेटता येणार नाही, नवा धोका दाखवा. आणि २०२३ च्या डिसेंबरात बेल्जियमच्या महामारीतल्या प्रवासबंदीबद्दल म्हटलं की नियम स्पष्ट असेल, भेदभाव नसेल आणि गरजेपुरताच असेल तर अशी बंदी चालते. थोडक्यात, उगाच अडवू नका, पण साथ आली तर अडवू शकता. पुढे २०२४ मध्ये नियम बदलले, आणि तपासणी दोन वर्षं, प्रसंगी तीन वर्षं चालवायची सोय झाली. सीमेवरच्या गावांचा विचार करा, असंही त्यात लिहून ठेवलंय. लिहिलंय एवढं खरं.

शिवाय तपासणी तर आजही चालूच आहे. स्विस सीमेवर जर्मन पोलीस २०२३ च्या ऑक्टोबरपासून आहेत, आणि सप्टेंबर २०२४ पासून तर सगळ्याच सीमांवर. तू रोज बघतेस. पण तपासणी वेगळी आणि बंदी वेगळी. तपासणीत कार्ड दाखवलं की पाच मिनिटांत सुटका. तुझ्या स्वप्नातली जाळी बंदीची आहे, आणि त्या जाळीशी पोलीस तीनच गोष्टी विचारतो: कुठला पासपोर्ट, कुठे राहता, कुठे कामाला. 'कोणावर जीव आहे' हा रकाना त्या फॉर्मात नसतो.

म्हणून आता त्या तीन प्रश्नांना तुमच्या घरातला प्रत्येक जण काय उत्तर देईल ते बघू. सुरुवात पोटातल्यापासून.

तू कॉन्स्टान्समध्ये पाच वर्षांहून जास्त कायदेशीर राहिली आहेस आणि तुझ्याकडे पीआर आहे. २७ जून २०२४ पासूनच्या जर्मन कायद्याप्रमाणे, अशा आईचं किंवा बापाचं मूल जर्मनीत जन्मलं तर ते जन्मतःच जर्मन नागरिक. आधी ही अट आठ वर्षांची होती. अर्ज नको, परीक्षा नको; तुझ्या गावच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवतानाच ते तपासतात. तेच मूल पंचवीस मिनिटं चालून पलीकडे जन्मलं तर? स्वित्झर्लंडमध्ये जन्मामुळे नागरिकत्व मिळत नाही. बापाकडे भारतीय पासपोर्ट आणि वर्षावर्षाने नवा करायचा परवाना, तसाच मुलाकडे. सासूबाईंना हे कोणी सांगितलेलं नसणार. त्यांना वाटतंय सून मुलाजवळ असावी, यात गैर काय? पण तू हट्टी सून म्हणून नाही तर नातवंडाचा हिशोब मांडून बोललीस, तर नागपूरची माणसं हिशोबाला कच्ची नसतात.

दुसरं, तुझा पीआर. जर्मनीतून मुक्काम कायमचा हलवलास की तो जातो, आणि नुसती सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलीस तरी जातो. क्रॉइत्सलिंगेन समोर दिसतं म्हणून ते 'बाहेर' नाही असं समजू नकोस. पुन्हा मिळवायचा तर पहिलीपासून सुरुवात. आणि नोकरी आता सोडलीस तर बाळंतपणाची रजा, मग एल्टर्नत्साइटची, म्हणजे पालकत्वाच्या रजेची, तीन वर्षांपर्यंतची सोय, त्या काळात नोकरी टिकण्याचं संरक्षण, शिवाय एल्टर्नगेल्ड हा पालक भत्ता, सगळं हातचं जाईल. एल्टर्नगेल्डला तर मुलाबरोबर जर्मनीत राहण्याची अटच आहे. पलीकडे मिळते चौदा आठवड्यांची पगारी रजा, तीही तिथे नोकरी असेल तर. बापाला दोन आठवडे. पगार तिथे मोठे आहेत हे खरं, पण बाळंतीण मोठ्या पगारावर जगत नाही, रजेवर जगते.

मग तोच कॉन्स्टान्सला का येत नाही? हा प्रश्न तू पत्रात विचारलेला नाहीस, पण मला पडला. तो आला तर नवरा म्हणून त्याला जर्मनीत राहता येईल, कामही करता येईल. अडचण त्याच्या स्विस नोकरीची. सीमेपलीकडे राहून तिथे काम करायचा परवाना भारतीय पासपोर्टवाल्याला मिळायचा तर शेजारच्या देशात कायमचा राहण्याचा हक्क हवा आणि सीमाभागात निदान सहा महिने वास्तव्य हवं. त्याच्याकडे पहिली गोष्ट नाही. जर्मन नागरिकाला हीच अट नाही. तो कॉन्स्टान्समध्ये राहून निवांत पलीकडे कामाला जातो. म्हणजे तू उद्या जर्मन झालीस तर दोन्ही काठ तुला मोकळे होतील, आणि नवरा आज आहे तसाच भारतीय राहिला तर तोच एक अडकलेला. गंमत बघ. सासूबाई म्हणतात तू जा त्याच्याकडे. कायदा बघितला तर पुढच्या चार-पाच वर्षांत त्यानेच अलीकडे सरकायची तयारी ठेवलेली बरी. तोवर दोन भाडी. जड आहे, पण इतकी वर्षं निभावलीत.

(जाता जाता एक. त्याच्याकडे मुक्कामाला जातेस ते दिवस मोज. तुझ्या कार्डावर पलीकडे राहता येतं १८० दिवसांत ९० दिवस, आणि गेल्या-आल्याचा दिवसही धरतात. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार, दर आठवड्याला, म्हणजे अठ्ठ्याहत्तर. वर सलग पंधरा दिवसांची सुट्टी काढून तिथे राहिलीस की उरले जेमतेम तीन-चार. शिक्का पडत नाही म्हणून मोजत नाहीत असं नाही.)

पासपोर्टचं मात्र मी तुला 'घे' असं एका शब्दात सांगणार नाही. पाच वर्षं झालीत, जर्मन भाषेची बी-वन पातळी आहे, नागरिकत्वाची परीक्षाही देशील. जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. निळा पासपोर्ट परत करावा लागेल आणि हातात येईल ओसीआय कार्ड, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. लोक त्याला 'आजन्म व्हिसा' म्हणतात. २०२० च्या १३ मार्चला भारताने त्याच कार्डावरचा व्हिसामुक्त प्रवास थांबवला होता. मेच्या अखेरीस अडचणीतल्या काही जणांना वाट मिळाली, बाकीचे कितीतरी दिवस तसेच. भारतीय पासपोर्टवाले निदान अडकलेल्यांना परत आणणाऱ्या 'वंदे भारत'च्या विमानात बसण्याच्या रांगेत तरी उभे होते. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं तर २७ मार्च २०२२ पर्यंत बंदच होती. म्हणजे तू तेव्हा जर्मन असतीस आणि त्याच महिन्यात सांगलीला आईला काही झालं असतं, तर दिल्लीच्या एका परिपत्रकाने तुला रोखलं असतं. एक दार उघडताना दुसऱ्याला कडी लागू शकते. बाळ जर्मन, बाप भारतीय आणि आईने अजून ठरवलेलं नाही, ही स्थिती दोन-तीन वर्षं राहिली तर बिघडत नाही. घरात दोन्हीकडचं एकेक माणूस असलेलं साथीच्या काळात बरं, असं माझं मत. तुझं वेगळं असू शकतं.

हे सगळं मी लांब बसून लिहिलंय, तेव्हा सही करण्याआधी तुझ्या गावच्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात वेळ घेऊन एकदा विचार. तोंडी उत्तरावर थांबू नकोस, ईमेल करायला सांग. आणि तुमच्या लग्नाच्या दाखल्याचं शपथबद्ध भाषांतरकाराकडून जर्मन भाषांतर करून दोन्ही घरांत एकेक प्रत ठेव. नाक्यावरच्या पोरसवदा पोलिसाला मराठी वाचता येत नाही.

आता अक्षय तृतीया.

पत्रात तू ती एका ओळीत उरकलीस, पण पुरणपोळ्या लिहिल्यास, तारीख लिहिलीस, त्याचं वाक्य शब्दशः लिहिलंस. पाच वर्षांनी. म्हणून विचारते: त्या स्वप्नात जाळीपलीकडे तो उभा असतो का? की पलीकडे कोणीच नसतं?

माझा मावसभाऊ दोडामार्गचा, कामाला म्हापशाला. २०२० मध्ये गोव्याची हद्द बंद झाली तेव्हा तो तिकडेच अडकला, बायको-पोरं इकडे. दोन राज्यं, मध्ये एक ओढा. पहिल्या रविवारी तो हद्दीपर्यंत चालत आला, पोरीला लांबून हात केला, आणि त्यानंतर एकदाही आला नाही. वहिनी वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही. पुढे कधीतरी त्याने मला सांगितलं की पोरगी त्या दिवशी बाबा बाबा म्हणत पट्टीखालून वाकून निघाली होती, शिपायाने तिला काठी आडवी लावून मागे सारलं. मारलं नाही, नुसती आडवी लावली. ते पुन्हा बघायची त्याला ताकद नव्हती. वहिनीला मात्र त्याने सांगितलं होतं, "काम होतं."

तुझ्या नवऱ्याचंही असंच असेल असं मी म्हणत नाही. कदाचित त्याला खरंच कंटाळा आला असेल. काही पुरुषांना लांबून बघणं जमत नाही, काहींना जमवायचं नसतं. पण तू हे त्याला कधी विचारलंच नाहीस असं पत्रावरून वाटतं. तू विचारतेस सीमा बंद होईल का, तो उत्तर देतो शंभर वर्षांचं, आणि दोघं आपापल्या घरी झोपायला जाता. यंदा पाडव्याची, तृतीयेची वाट बघू नकोस. या शनिवारी त्या शिल्पांपर्यंत चालत जा दोघं, आणि भांडणाच्या सुरात नाही, पण सरळ विचार: त्या दिवशी का आला नाहीस? उत्तर आवडेलच असं नाही. बाळंतपणात कोणावर किती टेकायचं ते मात्र कळेल, आणि ते तुला नवव्या महिन्याआधी कळायला हवं.

राहता राहिली आई. पासपोर्टचं तिला आता सांगू नकोस, अजून ठरलेलंच नाही तर तिची झोप कशाला घालवायची. पण ती बाळंतपणाला येणार असेल तर साथीच्या दृष्टीने तुमच्या घरातला सगळ्यात कच्चा कागद तिचा आहे, तुझा नाही. पासपोर्ट भारताचा, राहणं दोन्हीकडे नाही, काम नाही. पोलिसाच्या तिन्ही प्रश्नांना तिचं उत्तर एकच, 'लेकीकडे आलेय'. तिचा व्हिसा जर्मनीचाच काढ, स्विस नको, म्हणजे मुक्कामाचा पत्ता आणि बाळाचा पाळणा एका बाजूला राहतील. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि एका खेपेला नव्वद दिवसांच्या वर राहता येत नाही, तेव्हा तारीख लवकरची घेऊ नकोस. सगळ्या आया आठव्या महिन्यातच येऊन बसतात आणि खरी गरज असते तेव्हा त्यांचं परतीचं विमान असतं. तिला नवव्याच्या मध्यावर बोलाव. तोवर डिंकाचे लाडू पार्सलने येतील. आणि ती आली की पहिल्या रविवारी तिला पलीकडे जावयाच्या घरी चालत घेऊन जा, पासपोर्ट पर्समध्ये ठेवून. त्याच्याकडे अडकलेला तो श्रीखंडाचा डबाही येताना घेऊन ये. बाळंतिणीच्या घरात झाकणाचे डबे कधी पुरत नाहीत.